एकट्यानं तेल चढवणं

ओरेस्ट हावरिलुकनं पैज मारली ती रागाच्या भरात, ईस्टरच्या जेवणावर. त्याची बायको पॉलीन जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. सॅस्काटून शहरातून आलेला मुलगा मार्टिन ताटातले पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, चिवडत म्हणाला, "बाबा, इथं एकटे किती दिवस काढणार? आमच्याकडे चला. खोली रिकामीच आहे."

"विचार करतो" म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण हावरिलुकांच्या घरात कुणी कधी सरळ उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. ओरेस्ट म्हणाला, "धान्याच्या ट्रकचं इंजिन खोलून ठेवलंय. पेरणीच्या आत ते एकट्यानं बांधतो आणि चालू करून दाखवतो. नाही जमलं तर मुकाट्यानं तुझ्याकडे येतो. जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कुणाची मदत न घेता?"

"देवाचीसुद्धा नाही."

बोलून बसला, आणि मग शेडमध्ये जाऊन इंजिनाकडे बघत उभा राहिला. बाकी सगळं एकट्याला जमण्यासारखं होतं. पण तेल चढवायचं काम दोघांचं असतं, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नव्यानं बांधलेलं इंजिन कोरडं सुरू केलं तर बेअरिंगं लगेच खरवडून निघतात. म्हणून आधी ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर जिथं बसतो त्या भोकातून लांब दांडा घालून ड्रिलनं तेलाचा पंप फिरवायचा. त्याच वेळी पुढून दुसऱ्यानं क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, थोडा थोडा वळवत राहायचा, वरच्या, झडपा उघडणाऱ्या एकूण एक रॉकरपर्यंत तेल पोचेस्तोवर. ड्रिल सोडायची सोय नाही. पंपात तेल भरलं की ड्रिल हात पिरगाळतं.

लग्न झाल्यापासून क्रँक वळवायचं काम पॉलीनचं. स्वयंपाकाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून ती यायची, बॅटरी घेऊन वाकून बघायची आणि दारात पाहुणे आल्यासारखी ओरडायची, "आलं! ह्याला आलं! ह्याच्या शेजाऱ्याला पण आलं!"

आता ओरेस्टनं तेलाच्या वाटांची बुचं एकेक करून घासली, फटी बुजवणाऱ्या सीलंटचा नुसता हात फिरवून घट्ट बसवली. सीलंट जास्त झालं तर आत दाबलं जातं, त्याचा तुकडा सुटून गाळणीत अडकतो आणि पंप उपाशी मरतो. घाईची माणसं तिथंच फसतात. ओरेस्टला घाई कसली? संध्याकाळी घरात जाऊन करायचं काय, हाच प्रश्न होता.

शेजारचा नेस्टर कॉफीचा थर्मास घेऊन डोकावला. "ड्रिल मी धरू का क्रँक वळवू? का शेपटीनं वळवणार आहेस?"

"कॉफी पी आणि घरी जा."

"अरे, मार्टिनला कोण सांगतंय?"

"मला कळेल ना."

"मेल्या, सीलंट बुचांना लावलंस का स्वतःच्या टाळक्यात भरलंस?" नेस्टरनं थर्मास तिथंच ठेवला आणि बडबडत निघून गेला.

शेवटी ओरेस्टनं ताडपत्रीच्या पट्ट्यांनी ड्रिल इंजिनाच्या स्टँडला आवळून बांधलं, त्याचा घोडा चिकटपट्टीनं दाबून ठेवला आणि बटणाचा बोर्ड पुढं क्रँकपाशी आणला. बटण दाबलं. ड्रिल आधी मोकळं भिरभिरलं, मग गुरगुरत जड झालं. तेलाच्या दाबाचा काटा वर सरकला. लांब पान्यानं क्रँक थोडा वळवायचा, बटण बंद करायचं, वळसा घालून जायचं, बॅटरीनं बघायचं, परत यायचं. दुपार अशीच गेली. मध्येच क्रँकपाशी उभा असताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "आलं का गं?"

पत्र्याच्या शेडमध्ये ते फार मोठ्यानं ऐकू आलं. तो खाली बादलीवर बसला आणि थोडा वेळ रडला.

उठून पाहिलं तर बाकी सगळे रॉकर ओले, मागच्या कोपऱ्यातला एक तेवढा कोरडा. पुन्हा बटण, पुन्हा वळसा. कोरडाच. आणि गंमत म्हणजे ओरेस्टला हायसं वाटलं. अगदी स्पष्ट, छातीतलं ओझं उतरल्यासारखं. इथंच थांबायचं. "नाही जमलं रे" म्हणून फोन करायचा. तिकडं नातवंडांचा दंगा असेल, जेवताना समोर कुणीतरी बसलेलं असेल. पैज हरायला आपण कधीपासून टपलो होतो, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं.

पण हात ऐकेनात. अर्धवट काम सोडायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी पाना उचलला, क्रँक आणखी जरासा वळवला, बटण दाबलं. कोपऱ्यातल्या रॉकरवर तेल झिरपलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि तिथंच टिकला. ओरेस्टनं फोन लावला.

"चालू झालं."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

पलीकडे मार्टिननं श्वास सोडला, तो ओरेस्टला नीट ऐकू आला. "वा, बाबा! मानलं तुम्हाला. मग आता तो विषय बंद, शब्द म्हणजे शब्द. त्या खोलीत ल्युबा शिवणाचं मशीन मांडायचं म्हणतच होती."

"सूनबाईला सांग, मांड की," ओरेस्ट म्हणाला.

"तरीही या," एवढंच कुणी म्हणायला हवं होतं. पण पैज जिंकलेल्या माणसाला असं कोण म्हणणार? मार्टिन हवापाण्याचं विचारत होता, आणि ओरेस्ट सांगत होता, इकडं सगळं ठीक आहे.