एक जूनची भावंडं

आधीच सांगून टाकते, ते पत्र मी लिहिलं होतं. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे उगाच माझी कीव करत बसणार नाही.

माझ्या सासरी, नागपूरजवळच्या खेड्यात, पोरांच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. बाबासाहेबांचं नाव घेऊन सासऱ्यांनी एका सकाळी दोन्ही लेकरांना शाळेत नेऊन उभं केलं. वैजयंतीताई, माझ्या नणंदबाई, दहा वर्षांच्या, आणि आमचे हे, हरिदास, सहाचे. हेडमास्तर सगळ्यांनाच एक जून लिहायचे, तसं यांनाही लिहिलं. पहिलीत बसायचं म्हणजे मूल सहाचं हवं, म्हणून दोघांना सालही एकच टाकलं, चौसष्ट. आमच्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं पैशाला पासरी मिळतील, पण चार वर्षांच्या अंतराने एकाच दिवशी जन्मलेली भावंडं फक्त आमच्याच घरात.

ताई नर्स होऊन अमेरिकेत गेल्या, लग्न केलं नाही, एडिसनला घर केलं आणि तिथल्या नागरिक झाल्या. आम्ही लेस्टरला आलो, हरिदास इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. दोन हजार सहा साली ताईंनी ठरवलं, भावाला अमेरिकेत बोलवायचं. आई गेल्यापासून त्यांनीच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे ते बोलावणं मला जरा आईचंच वाटलं आणि खरं सांगते, थोडी असूयाही वाटली.

त्यांच्या वकिलाने विचारलं, सख्खी भावंडं आणि जन्मतारीख एकच, हे कसं? वडिलांचं प्रतिज्ञापत्र पाठवा. सासरे तेव्हा हयात होते. कचेरीत एक फेरी, एक अंगठा, काम झालं असतं. पण सम्यक पाच वर्षांचा, माझी नोकरी नवी, हरिदास शिफ्टमध्ये, आणि माझा स्वभाव असा की समोरचा कागद हातावेगळा झाल्याशिवाय चैन पडत नाही. हरिदासना न विचारता मी ताईंना लिहिलं, ‘वकिलाला सांगा, जुळे आहेत. विषय मिटेल.’ दोन दिवस त्यांचं उत्तर आलं नाही. मग त्यांनी तसं लिहून सही केली. विषय मिटला आणि एकोणीस वर्षं मिटलेलाच राहिला.

भावंडांच्या अर्जाची रांग एवढी लांब असते. मध्ये सम्यक मोठा झाला, एकविशी ओलांडली आणि आईबापांबरोबर जाऊ शकणाऱ्या मुलांच्या यादीतून गळला. आम्ही दोघं उरलो, आणि आम्हालाही आता तिकडे कायमचं जायची हौस राहिली नव्हती.

मग या जानेवारीत ताईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळा दिसेलच असं नाही. हरिदासनी त्याच आठवड्यात पाहुणा म्हणून व्हिसा मागितला. नाकारला. कायमचं जायचा अर्ज आधीच पडून आहे ना, मग हा माणूस महिन्याभरात परत येईल यावर कोण विश्वास ठेवणार? ब्रिटिश पासपोर्ट असता तर कदाचित व्हिसाशिवायच जाता आलं असतं. मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते. ते म्हणायचे, “ज्या घटनेनं मला माणूस म्हणून उभं केलं, तिचं नागरिकत्व मी फॉर्म भरून परत करणार नाही, गिरिजा.”

आणि फेब्रुवारीत पत्र आलं. नंबर लागला होता, मार्चमध्ये लंडनला मुलाखत. व्हिसा मिळाला की दहा दिवसांत ताईंच्या उशाशी. एकच धाकधूक होती. अर्ज ताईंच्या नावाचा होता, आणि अर्जदार गेला की अर्जही संपतो.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी हरिदास फाइल लावत बसले होते. मी किचनमध्ये कणीक मळत होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवून ताईंना विचारलं, “ताई, हे काय गं? आपण ट्विन्स?”

माझे हात परातीत तसेच राहिले.

“अरे, वकिलाला घाई होती,” ताई म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता. “मीच लिहिलं. काहून डोकं खातं बाप्पा? जुळे म्हण आणि ये इकडे.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. कणीक मळली, पोळ्या केल्या, त्यांना वाढल्या.

आमचे हे दर रविवारी बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये वंदना घेतात. पंचशील सांगताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या त्या वचनाशी, किंचित थांबतात, म्हणजे पोरांच्या डोक्यात शिरावं. त्या आठवड्यात मी त्यांना स्वच्छ म्हटलं, “अहो, तिथे एकच शब्द तर बोलायचाय तुम्हाला, ‘यस’. हेडमास्तरांनी खोटं लिहिलं तेव्हा कुणाचं शील मोडलं नाही, तुमचंच काय मोडतंय?”

“मास्तरांना कुणी शपथ घातली नव्हती,” ते म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळच्या ट्रेनने सेंट पँक्रसला उतरलो, तिथून अमेरिकेची वकिलात गाठली. काचेपलीकडे सम्यकच्या वयाची एक गोड मुलगी. आम्हा दोघांना उजवा हात वर करायला लावून तिने शपथ दिली. बाकी सगळं भरभर झालं. मग तिने तो कागद वर काढला.

“तुम्ही आणि तुमची बहीण जुळे आहात?”

हरिदासनी माझ्याकडे पाहिलं नाही. “नाही,” म्हणाले. “ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे.” शाळेची सगळी कथा त्यांनी सावकाश, चांगल्या इंग्रजीत सांगितली. मुलीने ऐकून घेतलं, टाइप केलं.

“मग हे जुळ्याचं कुणी सांगितलं?”

“माझ्या बहिणीने.”

मी शेजारीच उभी होते. मघाशी वर केलेला हात आता पर्सच्या पट्ट्यावर होता.

मुलगी म्हणाली, सॉरी, आता नातं सिद्ध करायला दोघा भावंडांची डीएनए टेस्ट लागेल. हातात एक छापील कागद दिला. सहा ते आठ आठवडे.

बाहेर नदीकाठच्या वाऱ्यात मी त्यांच्यावर तुटून पडले. “सहा आठवडे! कुठून आणणार आहात सहा आठवडे? तिथे बहीण मरतेय आणि तुम्ही शील सांभाळताय!” येणारे-जाणारे बघत होते. मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची, म्हणून आवाज अजूनच चढत होता.

त्यांनी ताईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या हसल्या, हसताना खोकल्या. “बरं केलंस. एकोणीस वर्षं माझ्या बरोबरीचा होऊन बसला होतास. आता परत धाकटा झालास.” मग म्हणाल्या, “गिरिजाला दे.”

मी फोन घेऊन चार पावलं लांब गेले. “रडू नको,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगू नकोस. तुला त्याच्याबरोबर राहायचंय अजून, मला नाही.”

ताईंनी तिकडे टेस्टसाठी नमुना दिला, यांनी इकडे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताई गेल्या. हरिदासनी अंत्यसंस्कार लॅपटॉपवर पाहिला, लॅबला न्यायचा जेवणाचा डबा बाजूला तसाच. मे महिन्यात रिपोर्ट आला, सख्खी भावंडं असल्याचा. पाठोपाठ दुसरं पत्र, अर्जदाराच्या निधनामुळे अर्ज बंद.

ताईंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्याच हॉलमध्ये ठेवला. साठेक माणसं आली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, ताईंचा नर्सच्या टोपीतला फोटो. आमचा सम्यक उठून मराठीत बोलला, “आत्या खूप ब्रेव्ह होता. मला दर इयर बर्थडेला फोन करायचा.” कुणी हसलं नाही. माझी मैत्रीण देवयानी डोळे पुसत होती.

मग हरिदास उभे राहिले. त्यांनी लिहून आणलं होतं. शाळेचा दिवस, ताईची नर्सिंगची वर्षं, वडिलांचं आजारपण, सगळं होतं त्यात. शेवटाकडे येत म्हणाले, “माझ्या ताईनं आयुष्यात एकच खोटं लिहिलं. तेही माझ्यासाठी.”

लोकांनी माना हलवल्या. किती सुंदर बोलले, असंच सगळ्यांना वाटलं असणार. आणि मला त्या फोटोकडे बघवेना. बाई गेली ती माझं खोटं पदरात घेऊन, आणि आता तेच तिच्या नावावर कायमचं लिहिलं जात होतं. ताईंनी गप्प राहायला सांगितलं होतं. पण ते माझ्या सोयीचं होतं म्हणून मी ऐकत होते, त्यांच्यासाठी नाही.

मी उठले.

“अहो, ते मी लिहिलं होतं,” मी म्हटलं. “जुळे म्हणून. मीच त्यांना लिहायला लावलं. मामंजी जिवंत होते, एका कागदाचं काम होतं, मी केलं नाही. केलं असतं तर मार्चमध्येच तुम्ही पोचला असता.”

हॉलमध्ये कुणीतरी मुलाला गप्प केलं. हरिदास माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण तशी नजर मी आधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता हे खाली बसतील किंवा बाहेर निघून जातील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हातातला कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

“चूक झाली, दुरुस्त करतो,” ते म्हणाले. “माझ्या ताईनं आयुष्यात जे एक खोटं लिहिलं, तेसुद्धा तिचं नव्हतं.”

मग चौथ्या शीलाशी थांबतात तसे ते थांबले नाहीत. सरळ पुढची ओळ वाचायला लागले, आणि मी साठ माणसांत एकटीच उभी होते.