फातिहाच्या आधीची किलकारी

नेते फ्रेंचांच्या कैदेतून सुटून बोटीनं ट्युनिसला परतले, त्याच सकाळी आमच्या जलीलाची सोयरीक ठरायची होती. ईदनंतरचे रोजे मी त्यासाठीच धरले होते, म्हणून बदामाचं सरबत चाखायचं काम जलीलाकडं.

बैठकीत पुरुषांनी तळहात पसरून फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणायची, मग आम्ही बायकांनी जीभ फिरवून किलकारी द्यायची. ती गल्लीत ऐकू गेली की सोयरीक पक्की. मोडली तर बेअब्रू.

पण तळहात पसरेनात. आमचे हे आणि मुलाचे वडील सी हमादी, म्हणजे हमादीसाहेब, यांची नेत्यांवरूनच जुंपली.

"अर्धंच स्वातंत्र्य पदरात घेतलं त्यांनी," हे म्हणाले. "फौज अजून फ्रेंचांचीच."

"आज अर्धं, उद्या उरलेलं. एका घासात सगळं गिळायला गेलात तर ठसका लागेल, सी मुख्तार."

"मग तुमच्या मुलाला अर्धीच नवरी देतो."

"चालेल. तोंडाकडची ठेवून घ्या, बापावर गेली असेल."

हे ताडकन उठले. सी हमादींनीही लाल टोपी डोक्यावर चढवली. दाराआड जलीलाचे डोळे भरून आले. "आई, काहीतरी कर ना."

मला काय येतं? दुआ. ती मागायला मी छतावर गेले.

हात पसरले तोच खालून मिरवणूक आली. ढोल, झेंडे, आणि उघड्या मोटारीत उभे राहून हात हलवणारे नेते. शेजारची छतं बायकांनी भरलेली, पण सगळ्या रडण्यात गुंग. इतक्या वर्षांनी आपला माणूस घरी आला होता. अर्धं की पुरतं, मला सुचलंच नाही. दुआ ओठांवरच राहिली आणि गळ्यातून निघाली ती किलकारी. मग छतामागून छत त्यात मिसळत गेलं.

मी खाली पोचेतो शेजारची मन्नूबिया मिठाईचं ताट घेऊन बैठकीत, मागं निम्मी गल्ली.

"मुबारक हो," माझ्याकडं बोट करत ती म्हणाली. "आमच्या या लल्ला झुबैदाचा आवाज भिंतीपलीकडं कधी येत नाही. आज आला, तेव्हाच म्हटलं, फातिहा झाली."

"अहो, ती नेत्यांसाठी होती," मी म्हणाले. नेहमीप्रमाणं कुणाला ऐकू गेलं नाही.

सी हमादी हसू दाबत खाली बसले. "बसा, सी मुख्तार. उरलेलं अर्धं भांडण लग्नात."

"पुरतं भांडेन," हे म्हणाले, आणि तळहात पसरले.

फातिहा संपायच्या आतच जलीला सरबत घेऊन आली.