शिटी थांबली तेव्हा

रुग्णाचे नाव, वय, पत्ता

भाग्यलक्ष्मी. वय सव्वीस. कोरगाव, तालुका पेडणे. लग्नाला तीन वर्षं.

एप्रिलमधला रविवार. सकाळी आठ वाजता ती मागच्या दारी आदोळीवर नारळ खवत बसली होती. न्हाऊन आलेली गौरवी, तिची नणंद, ओले केस पिळत समोर उभी राहिली.

"वयनी, तुजो पंप दी."

भाग्यलक्ष्मीचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे खोचलेल्या बटव्यात निळा पंप असायचा, झोपेतसुद्धा. दमा उसळला की तो ओढायचा. आवळलेल्या श्वासनळ्या सुटायच्या.

"कित्याक गो?"

"आईन सांगल्यान. डिचोलीची माणसां अकराक येतली. कोणाच्या नजरेक पडलो तर?"

"नजरेक कसो पडतलो? खोवन ठेवलोसा."

"परवा पोदेराच्या समोर काढलस तू. तो वाडीभर पाव विकता तशी खबरोय विकता."

दोघी हसल्या.

"दुपारपर्यंत फकत," गौरवी म्हणाली. "माज्या कपाटात ठेवतंय. काय झालाच तर मी आसंय न्हय घरात."

"ता खरां. घरात नर्स आसताना माका कसली भिती."

भाग्यलक्ष्मीने ओला हात पदराला पुसला आणि पंप दिला.

पूर्वेतिहास

लहानपणापासून दमा. माहेर इब्रामपूर. लग्न ठरताना आई जानकीने सांगितलं होतं, पोरीला थंडी बाधते, बाकी काही नाही. मुलीकडचे सगळेच असं सांगतात. विचारणाऱ्यांनाही खरं ऐकायचं नसतं, त्यांना फक्त नंतर "फसवल्यानी" म्हणायची सोय हवी असते.

पाच महिन्यांनी चवथीची साफसफाई करताना उशीखाली पंप सापडला. सासू चंद्रावती तो हातात धरून अंगणात उभी राहिली. शेजारीण दिसताच तिने तो पदराखाली घेतला. तेव्हापासून त्या घरात दम्याचं नाव "तिचा ता" असं झालं. नवरा रुद्रेश पिकअप चालवतो. स्वभावाने गरीब. तो एवढंच म्हणाला, "न्हाणयेत जावन ओढ. आईक दिसा नये."

पंप दोन होते. निळा, झटक्याच्या वेळचा. आणि तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, नळ्यांची आतली सूज उतरवणारा. तपकिरी पंपाचा गुण त्याच दिवशी दिसत नाही, म्हणून तो बिनकामाचा वाटतो. फेब्रुवारीत गौरवीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि चंद्रावतीने तो बंद केला.

"रोज ओढलां की सवय लागता. त्या गरमीनच तर पोट रवना. तीन वर्सां झाली."

गौरवी समोर पेज जेवत होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. तिने मान वर केली. "आई, तसा नसता. पोटाक त्याचो काय संबंध नाय. आणि बंद केल्यार मगे एकदम..."

"आधी शीक. मगे शिकव."

गौरवीने पेजेत लोणचं कालवलं. पुन्हा हा विषय तिने काढला नाही. आईशी भांडली असती तर बोलणी लांबली असती, आणि मुलगा, दत्तप्रसाद, तिला फोटोत आवडला होता.

गेल्याच आठवड्यात कॉलेजात दम्याचं प्रात्यक्षिक झालं. प्लास्टिकच्या पुतळ्याला पंप देऊन दाखवायचा. गौरवीला वीसपैकी एकोणीस गुण पडले. एक गेला, कारण पंप हलवायला ती विसरली होती.

आजार वाढवणाऱ्या गोष्टी

धूळ. थंड वारा. धूर.

कोरगावच्या घरी लग्नाची माणसं आली की ती घरच्या भाजलेल्या काजूंची पुडी घेऊनच परत जायची. दुकानातले काजू द्यायची पद्धत नव्हती. बागायतदार म्हणून अब्रू होती. काजू भाजायला दरवर्षी एक बाई यायची. त्या रविवारी ती आली नाही.

"मी भाजतंय," गौरवी म्हणाली.

"तू? तोंड काळां करून पावण्यांसमोर बसतलस?" चंद्रावती म्हणाली. मग सुनेकडे वळून, "घडीभराचा काम. नाकाक पदर बांद."

भोकं पाडलेल्या पत्र्यावर सालासकट काजू टाकले की सालीतलं तेल पेटतं. जो धूर उठतो तो डोळ्यांत मिरचीसारखा जातो, धट्टीकट्टी माणसंही तोंड फिरवतात. भाग्यलक्ष्मीने नाकाला पदर बांधला आणि पाऊण तास ते काजू परतले. मध्येच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ती म्हणाली, "आई, माका जरा..." आणि थांबली. वाक्य पुरं करायला श्वास लागतो.

"झाले मा? ते फोड आता. अकरा वाजत इले."

काजू फोडताना तिच्या छातीत शिटी वाजायला लागली.

निरीक्षण

दहा पन्नासला डिचोलीची गाडी आली. मुलगा, त्याची आई, त्याची मावशी. रुद्रेशने बसायला कदेलां मांडली. चंद्रावतीने सुनेला स्वयंपाकघरात बसवलं आणि मधलं दार ओढून घेतलं.

गौरवी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. दाराच्या फटीतून शिटी ऐकू येत होती. बारीक, ओढलेली, प्रत्येक श्वास सोडताना.

"मांजर आसा काय गो आत?" मावशीने विचारलं.

"कुकर," चंद्रावती म्हणाली. आणि पंख्याचा वेग वाढवला.

मुलाच्या आईने गौरवीला समोर बसवलं. "नर्स म्हणजे नाईट ड्युटी आसतली?"

"सुरवातीक आसता."

"आणि आता कितें शिकयतात?"

गौरवीने बशी सरळ केली. "श्वासाचे रोग चालू आसत."

"दमो?" मावशी पुढे सरकली. "आमच्या शेजारणीक आसा. ता पंप ओढता ना, तेची सवय लागता म्हणतत. खरां?"

फटीतून शिटी येत होती. गौरवी उत्तर देऊ लागली आणि तिचं तिलाच वाटलं, किती नीट बोलतेय आपण.

"नाय. सवय लागना. उलट वेळेर घेवकच जाय. तो सदांच हाताशी आसूक जाय."

"बघ, शिकलेली सून बरी," मावशी हसली. "पण दमेकरी घरात नको गे बाय. पिढीक लागता. तुमच्याकडे कोणाक नाय मा?"

"देवाच्या कृपेन आमच्या घरात कोणाक काय नाय," चंद्रावती म्हणाली.

रुद्रेश पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ पुसत होता.

चंद्रावती काजू आणायला आत गेली. भाग्यलक्ष्मी भिंतीला धरून उभी होती, खांदे कानापर्यंत चढलेले, गळ्याची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठ जांभळट. सासू दुष्ट नव्हती. तिने खोबरेल कोमट केलं, मीठ घातलं, सुनेच्या छातीला चोळलं. "आडवी पड जरा. पाच मिनटां. जाता ता." तिने तिला चटईवर उताणी निजवली. दम्याच्या झटक्यात माणसाला कधी आडवं करत नाहीत. बसवतात, पुढे झुकवतात. भाग्यलक्ष्मी उठायला बघत होती. सासूने प्रेमाने खांदा दाबून धरला.

"पं..." ती म्हणाली.

"गप. बोला नको. दम लागता बोललां की."

मग शिटी थांबली.

चंद्रावती पुड्या घेऊन बाहेर आली. लेकीच्या कानाशी वाकून म्हणाली, "गप झाली. बरां वाटला तिका."

गौरवीच्या वहीत हे वाक्य तिच्याच अक्षरात, लाल शाईने अधोरेखित होतं: शिटी कमी झाली म्हणजे रुग्ण सुधारला असे समजू नये. छाती शांत होणे हे सर्वांत वाईट लक्षण. हवा आतबाहेर होतच नाही म्हणून आवाज नसतो.

तिला कळलं. कळलं त्या क्षणी दत्तप्रसाद पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलला.

"ड्युटी पणजेक घेतली तर येवप-वचप जमतलें?"

ती म्हणाली, "जमतलें."

मग मावशीने काजूची पुडी हुंगली. मुलाच्या आईने पंचांगाचं काढलं. चंद्रावतीने बिब्ब्यांची, ओल्या काजूंची, भाजी कशी करतात ते सांगितलं. गौरवी सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. चार मिनिटं गेली. ती उठू शकत होती. तिला कोणी धरलं नव्हतं.

उपचार

पाचव्या मिनिटाला ती उठली. ट्रे पडला. कपाटातून पंप काढला, हलवला, भाग्यलक्ष्मीला उठवून पाठीशी गुडघा दिला, तोंडात पंप धरून दाबला. औषध गालातच राहिलं. आत ओढायला श्वास लागतो. पुन्हा दाबला. ओठांच्या कडेने पांढरा फवारा बाहेर आला.

"वयनी, घे. वयनी, आत घे."

रुद्रेशने तिला पिकअपमध्ये घातलं. डिचोलीची माणसं गाडी काढून कडेला उभी राहिली, वाट दिली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि विचारलं, "कितें जालें?"

"भोवळ इली," चंद्रावती म्हणाली.

नातेवाइकांना द्यायची माहिती

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई दगावली की सरकारी चौकशी होते. तिसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीतला माणूस कागद घेऊन आला. दारापुढच्या बाल्कांवात, ओसरीवर, मेज लावलं. अंगणात वाडीतल्या बाया बसल्या होत्या.

त्याआधी आतल्या खोलीत जानकीने गौरवीचा हात धरला. भाग्यलक्ष्मीची आई. डोळे सुजलेले.

"बाय, दमो म्हणान लिवा नको. माजी स्नेहा सतरा वर्सांची. बहिणीक दमो होतो म्हटल्यार तिका कोण करतलो? गेली ती गेली."

"तांचा बरोबर आसा," चंद्रावती म्हणाली. "डिचोलीसून अजून नाय म्हणूक नाय. भोवळ इली, संपला."

तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही विहिणींचं एकमत झालं होतं.

कागदवाल्याने रुद्रेशला विचारलं. भोवळ. चंद्रावतीला विचारलं. भोवळ. जानकीला विचारलं. तिने नुसती मान हलवली. मग गौरवी.

"मयताला आधीचा काही आजार?"

"दमा."

पेन थांबलं. चंद्रावती म्हणाली, "तिका धक्को बसलोसा. दोन दिवस जेवूक नाय."

"दमा," गौरवी म्हणाली. "लहानपणापासून. लिहा. रोजचं औषध फेब्रुवारीपासून बंद केलेलं. त्या दिवशी पंप तिच्याजवळ नव्हता."

"कुठे होता?"

"माझ्या कपाटात."

"कोणी ठेवला?"

"मी. मागून घेतला तिच्याकडून. सकाळी आठ वाजता."

"कशासाठी?"

"मला बघायला माणसं यायची होती."

रुद्रेश मेजावर डोकं टेकून रडायला लागला, मोठ्याने, आणि कोणीही त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. कागदवाला म्हणाला, "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावरच येईल. कॉलेजातही जाईल."

"शिटी थांबल्यावर मी चार मिनिटं बसून होते. तेही लिहा."

तिने सही केली. जानकी ताडकन उठली. "पोरीचा जीव घेतलस, आता दुसरीचा नशीब घेतलस," ती म्हणाली. "चल गो स्नेहा."

स्नेहा उठली नाही. ती समईपाशी बसली होती, उदबत्तीच्या धुरात, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून. खांदे वर चढलेले. गौरवीने आधी ते खांदे पाहिले. मग ऐकू आलं. बारीक, ओढलेलं.

"सर्दी आसा तिका," जानकी घाईने म्हणाली. "लहानपणासून सर्दी."

गौरवीने उदबत्ती विझवली. स्नेहासमोर बसली.

"पंप खंय आसा तुजो?"

स्नेहाने आईकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघा नको. माका सांग."

मुलीने पिशवी पुढे ओढली. मग पिशवीतल्या डब्याचं झाकण उघडलं. चपातीखाली रुमालात गुंडाळलेला तो होता.

"हलय. श्वास सोड. आता दाब आणि सावकाश आत ओढ. धरून ठेव. मी मोजतंय."

एक, दोन, तीन. वाडीतल्या बाया माना उंचावून बघत होत्या. सहा म्हणेपर्यंत मागून कोणीतरी हलक्या आवाजात शेजारणीला म्हणालं, "हिकाय आसा मगे."

गौरवीने मोजणं थांबवलं नाही.