जिवंत माणसाच्या नावाचं पाणी

सकाळी ओडेसामावशी मागच्या पायरीवर बसून कोलार्डच्या पालेभाजीचे दांडे काढत होती. त्या दिवशी जूनटीन्थ होता, गुलामगिरीतून सुटल्याचा दिवस. दुपारी बागेत काळं-गोरं सारं गाव जेवायला जमणार होतं. वर्षातून एकदा आमचं गाव असं एका टेबलावर येतं आणि उरलेलं वर्षभर त्याचे फोटो दाखवतं.

पास्टर मॉस्बी टोपी हातात धरून कुंपणाशी आले.

"मावशी, मेलेल्यांच्या नावानं पाणी तुम्हीच सोडणार ना?"

"दुसरं कोण आहे? म्हातारी मीच उरले."

"थोरांची नावं घ्या आणि थांबा, एवढंच म्हणतो. हॅस्केलसाहेब येतायत. पोहण्याच्या नव्या तलावाला जागा त्यांनीच दिलीय. तलावाला त्यांचं नाव द्यायचं, ते आज जाहीर होईल."

मावशीचा हात थांबला. "विल्बर हॅस्केलचं?"

"जुनं कशाला उकरायचं आता? पोरांना पोहायला मिळेल."

"उकरायलाच हवं, पास्टर. त्यानंच गाडलंय."

आमची ती बाग म्हणजे पोहण्याचा जुना तलाव. तिथे फक्त गोरी पोरं डुंबायची. काळ्यांनाही आत घ्या, असं कोर्टानं सांगितलं, तेव्हा तरण्याबांड मेयर हॅस्केलनं ट्रकांनी माती आणून तलावच बुजवला. मावशीच्या आईनं थोरल्या मुलासाठी, लेमुएलसाठी, जुन्या पडद्याची पोहायची चड्डी शिवून ठेवली होती. ती घालून तो दगडखाणीच्या डोहात उतरला आणि त्याच चड्डीत त्याला बाहेर काढलं. पुढे तिथेच शेजारची रूबी बुडाली, मग आणखी एका घरचा छोटा अमोस. गावाच्या माहितीपत्रकात तलाव 'दुरुस्तीअभावी बंद' झाला. मी याला खून म्हणते. ज्याला सौम्य शब्द सुचत असेल त्यानं तो त्यांच्या आयांच्या थडग्यांवर जाऊन सांगावा.

मावशी चर्चमध्ये क्षमेची गाणी गाते, पण हॅस्केलला तिनं कधी क्षमा केली नाही आणि करायचीही नव्हती.

दुपारी ती कुंडीतल्या रोपापाशी उभी राहिली. आमची रीत अशी की एकेका मेलेल्याचं नाव घेऊन पाणी ओतायचं आणि सगळ्यांनी "आशे" म्हणायचं, म्हणजे तथास्तु. जिवंत माणसाचं नाव त्यात कधीच येत नाही, हे आता गोऱ्यांनाही ठाऊक आहे.

"लेमुएल."

"आशे."

"रूबी. अमोस."

"आशे," पहिल्या रांगेतून हॅस्केलही हसतमुखानं म्हणाला. ही पोरं कोण, हे त्याला आठवलंसुद्धा नाही.

मावशीनं पाण्याचा तांब्या पुन्हा वाकवला. "विल्बर हॅस्केल."

काटे-चमचे थांबले. पास्टर पुटपुटले, "मावशी, ते जिवंत आहेत."

"म्हणूनच आज घेतलं. मेल्यावर त्याला ऐकू आलं नसतं." ती हॅस्केलकडे वळली. "तू तलाव बुजवलास म्हणून ही तिघं खाणीत गेली. तुझं नाव त्यांच्या शेजारी ठेवलंय. तलावाच्या दारावर लागलं, तर रोज तिथे उभी राहून हेच पाणी सोडीन."

"पोरी, मी तुम्हाला जागा दिली," हॅस्केल म्हणाला.

"मी सत्तरीची बाई आहे. पोर लेमुएल होता."

मग पास्टरांनी टोपी डोक्यावर चढवली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आशे." पाठोपाठ आमची सगळी टेबलं म्हणाली. हॅस्केलला धरून गाडीत बसवेपर्यंत आम्ही ते म्हणत राहिलो. मला त्याची जराही दया आली नाही.

त्यानं जागा परत घेतली. नव्या तलावाच्या आशेवर आता कुणी बसणार नव्हतं. रविवारी प्रार्थना संपली तसे सगळे फावडी घेऊन बुजवलेला तलाव उकरायला बागेत उतरले, पास्टर सगळ्यांच्या पुढे. कायदा मोडतोय म्हणून पोलीस आले. आम्हाला नेलं, सोडलं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो.

हॅस्केलचं घर बागेसमोरच आहे. त्यानं सगळे पडदे ओढून घेतलेत. मावशी मुद्दाम त्याच्या खिडकीकडची बाजू खणायला घेते.