सुचित्राचा वेगळा पेला

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी राहतो. मी एक जुना स्टीलचा पेला आहे. पेल्याला कसली आलीय कहाणी, असं म्हणून हसू नका. माझ्या पोटावर 'चि. सौ. कां. सुचित्रा हिस मामांकडून' असं कोरलेलं आहे, आणि ते नाव मिरवण्यात माझा जन्म गेला.

बालपण मला फारसं मिळालं नाही. दुकानात यंत्रानं टरटर करत नाव घातलं आणि मी आहेरातून सुचित्राच्या सासरी आलो. माणसं कोकणातली. सासरे गिरणीत होते. सासूबाई मालन, म्हणजे अख्ख्या चाळीच्या मालनकाकी. नवरा वैभव कुरिअरच्या ऑफिसात. ही माणसं वाईट नव्हती. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल.

त्या घरात पाळीचे चार दिवस कडक पाळत. पाळी म्हणजे काय ते तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, तेव्हा लाजायचं कारण नाही. त्या दिवसांत सुचित्राचं ताट आणि मी मोरीच्या कट्ट्यावर. पाचव्या दिवशी पुन्हा मांडणीवर, बाकीच्या भांड्यांत. मला त्याचं फार काही वाटत नसे. चार दिवस काय, निघून जातात.

मग ती गरोदर राहिली. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, की तिला हिपॅटायटिस बी आहे. हा विषाणू लिव्हरला, म्हणजे यकृताला त्रास देतो, आणि तिच्या रक्तात तो मुक्कामालाच आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शन देऊ, काळजी नको. तुम्ही मात्र दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं. आयुष्यभर."

श्रेया ठणठणीत जन्मली. पण मालनकाकींना 'रक्तात दोष' एवढंच उमगलं, आणि रक्ताच्या दोषावर त्यांना एकच रीत ठाऊक होती. चार दिवसांचा कट्टा महिनाभराचा झाला. मी मोरीशी कायमचा जाऊन बसलो.

वीसेक वर्षं बसलो, मित्रांनो. रांगती श्रेया मला पकडायला यायची आणि सुचित्राच तिचा हात धरून मागे ओढायची. ते बघून मला फार वाईट वाटे. पण एक गोष्ट ती चुकवत नव्हती. दर सहा महिन्यांनी गुपचूप परळला जाऊन ती रक्त तपासून यायची. "ताब्यात आहे" असं डॉक्टरांनी सांगितलं, की त्या दिवशी येताना श्रेयासाठी भेळ यायची.

पन्नाशीला टेकली आणि तिची पाळी थांबली. वर्ष उलटलं तरी आली नाही. गौरी यायच्या आदल्या दिवशी मालनकाकींनी मला स्वतःच्या हातानं कट्ट्यावरून उचललं आणि घासून लख्ख केलं.

"गो सुचित्रा, आता तुका कसली अडचण नाय. हो पेलो वेगळो कित्याक ठेवतंस? आत ठेव."

"आणि आई, ते रक्ताचं?"

"ता पण गेला तेच्याबरोबर. रक्त थांबला, दोष पण थांबलो."

सुचित्रा बारावी शिकलेली होती. तिला हे पटायला नको होतं. पण वीस वर्षं मोरीपाशी पाणी प्यायलेल्या बाईला आत बोलावलं, तर ती कारणं विचारत बसत नाही. त्या वर्षी गौरीचा नैवेद्य तिनं रांधला, तिनंच वाढला. वैभव माझ्यातून पाणी प्यायला, श्रेया प्यायली. मी तर हुरळूनच गेलो होतो. परळच्या फेऱ्या तेव्हापासून थांबल्या.

पुढे तिच्या अंगातून गरम वाफा यायला लागल्या. मला माठातल्या पाण्यानं भरून ती कपाळाला लावायची. मग दोन जिने चढून दम लागू लागला, अंगाला खाज सुटू लागली, पावलं सुजली. मालनकाकी रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल चोळायच्या, अगदी मायेनं.

एका सकाळी ऑफिसला निघताना श्रेयानं विचारलं, "मम्मी, तू टेस्टला गेलीस का गं?"

"अगं, वय झालं आता. बदल होतातच. त्या बाजूच्या सीमाला पण सेम झालं होतं."

"नक्की ना?"

"तू निघ, लेट होतोय तुला."

श्रेया निघाली. थांबली असती तर, असं मला आजही वाटतं.

डोळे पिवळे झाले आणि पोट फुगलं, तेव्हा तिला हॉस्पिटलात नेलं. गडबडीत श्रेयानं पिशवीत मलाही टाकलं. म्हणून पुढचं सगळं मी खाटेशेजारच्या कपाटावरून ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, "पाळी सुरू असते तोवर शरीरातली संप्रेरकं लिव्हरला थोडंफार सांभाळून घेतात. पाळी थांबली की तो आधार कमी होतो. हिपॅटायटिस असलेल्या बाईनं तेव्हा उलट जास्त जपायचं असतं. आणि तुम्ही नेमकं तेव्हाच यायचं थांबलात. वेळेवर आला असता तर औषधं होती."

मालनकाकी कशाबशा म्हणाल्या, "डाक्टर, तिचो पेलो इतकी वर्षा वेगळो ठेवलंय, तो?"

"आजी, त्याची कधीच गरज नव्हती. एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं हा आजार लागत नाही."

काकी तिथेच फरशीवर बसल्या. सुचित्रानं हात लांबवून त्यांच्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, "आई, रडू नका. एवढं वर्ष तरी मी तुमच्यात जेवले ना."

त्याच आठवड्यात ती गेली. माझ्या स्टीलला अजून कुठे गंज नाही, आणि याचा मला रागच येतो.

मित्रांनो, भांडी घासली की स्वच्छ होतात. माणसाच्या आतलं काही बाहेरून घासून कळत नाही. आजारी माणसाला वेगळं बसवू नका, आणि जवळ घेतलंत तरी त्याची तपासणी सोडू नका. आज घरी गेल्यावर आईच्या शेजारी बसा. विचारा, शेवटचं रक्त कधी तपासलंस. 'वय झालं' असं म्हणाली तर तिचं ऐकू नका. आमच्या घरात सगळ्यांनी ते ऐकलं.

ती गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती.