दाराआडची आगगाडी

या घरात थोरल्या मुलाचा वाढदिवस दाराआडून बघायची पद्धत होती. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं. वडील, म्हणजे अप्पा, बाहेरच्या खोलीत फरशीवर गोल रूळ मांडायचे. त्यावर पितळेचं वीतभर इंजिन आणि मागे दोन पत्र्याचे डबे. इंजिनाच्या पोटात पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा पेटवायचा, आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळून दार ओढून घ्यायचं. मग त्या दाराच्या फटीतून जे काय दिसेल ते बघायचं. थोरला दादा खाली उकिडवा बसायचा, धाकटी बहीण त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची, आणि त्या दोघांच्या वरून आई. फटीवरून भांडण व्हायचं ते दर वर्षीचं.

दुसऱ्यांच्या घरी मुलं गाडीला हात लावतात आणि आपल्याकडे फट का, असं विचारलं की अप्पा म्हणायचे, "बोगद्यातून बघितल्याशिवाय आगगाडीला मजा नाही." दादाला ते पटलं होतं.

इंजिन अप्पांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं, दादा जन्मला त्याच वर्षी. ते साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे पाणी, विस्तव आणि वाफ यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध. गाडी फिरायला लागली की ते एकटे भिंतीला टेकून बसायचे आणि मोठ्या आवाजात दादाला त्याच्या जन्माच्या वर्षीचं जग सांगायचे. त्या वर्षी प्राणिसंग्रहालयात जिराफ आला. तो आला मालगाडीच्या उघड्या डब्यातून, म्हणून प्रत्येक पूल आला की एक माणूस त्याला पायाशी पाला दाखवून मान खाली घालायला लावायचा. त्या वर्षी चौकातलं घड्याळ बंद पडलं आणि ते सुरू होईपर्यंत सगळं गाव बिनदिक्कत कामावर उशिरा गेलं. शेजारच्यांनी रेडिओ घेतला आणि ऐकायला आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या दोन खुर्च्या मोडल्या. असं काय काय. दर वर्षी जिराफाची मान थोडी वाढायची.

सांगता सांगता अप्पा मध्येच थांबायचे आणि कान द्यायचे. इंजिनाच्या पाठीवर एक छोटीशी टोपी होती, तिच्या कडेने सारखी 'सुस्स सुस्स' वाफ निसटत असायची. "ते बोलतंय ना, मग भ्यायचं नाही," असं म्हणून ते पुन्हा जिराफाकडे वळायचे.

धाकटीला घरात सगळे भागूबाई म्हणत. नाव ठेवलं दादाने, आणि ते असं चिकटलं की आता पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं. कुत्रं, लिफ्ट, फटाका, उंच जिना, कशालाही ती घाबरायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर हिच्यामागे त्याचं अख्खं कुटुंब होतं. दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती. तिथे हत्यारं वाफेच्या पेटीत उकळून निघायची, आणि दाबाचा काटा शून्यावर आल्यावरही ही बाई आणखी थोडा वेळ थांबूनच झाकण उघडायची. डॉक्टरीण म्हणायची, "अहो, पेशंट तोंड उघडून बसलाय, तुम्ही पेटी उघडा!"

पण एक गोष्ट धाकटीने पाहिली होती, दादाने पाहिली नव्हती. खाली बसलेल्या दादाला फटीतून रूळ आणि चाकं दिसायची. उभ्या असलेल्या धाकटीला अप्पांचे हात दिसायचे. काडी ओढताना ते थरथरायचे. पहिली काडी विझायची, दुसरी विझायची, कधी तिसरीही. थंडी असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढे तिने ते कुणाला विचारलं नाही.

अप्पा गेले. इंजिन जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दादाच्या माळ्यावर पडलं. आणि यंदा दादाला साठ वर्षं पूर्ण झाली.

दादाच्या मुलाने, म्हणजे धाकटीच्या भाच्याने, वडिलांसाठी भिंत सजवली होती. दोऱ्या बांधून त्यांना चिमट्यांनी चित्रं अडकवली होती आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा जन्मले तेव्हाचं जग'. त्या काळच्या मोटारी, काळे टेलिफोन, बुटांच्या जाहिराती, केसांचे डोंगर केलेल्या बायका. जिराफही होता. आई खुर्चीतून उठून, काठी टेकत, एकेक चित्र बघत गेली. शेवटच्या दोरीशी थांबून म्हणाली, "एक राहिलंय."

"काय राहिलं, आजी?" भाच्याने विचारलं, पण तेवढ्यात त्याची पाच वर्षांची मुलगी, चिमणी, टोपी घालून धावत आली, आणि आईचं उत्तर तसंच राहून गेलं.

मग दादाने टॉवेल सोडला. इंजिन असं झळकलं की वहिनी ओट्यापाशी केक कापता कापता थांबली.

"पॉलिश केलंय," दादा म्हणाला. "चाकांना तेल घातलंय. आणि ती वरची टोपी गळायची ना सारखी? ती डाख देऊन पक्की बंद करून आणली. आता एक थेंब वाफ वाया जाणार नाही. बघच तू कशी पळते!"

धाकटीने खाली वाकून ती टोपी पाहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. दवाखान्यातल्या पेटीलाही तशीच एक टोपी होती, आणि तिला हात लावायचा नाही एवढं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"दादा, ती गळायचीच असते रे," ती म्हणाली. "अप्पा नाही का म्हणायचे, बोलतंय तोवर..."

"झालं! भागूबाई सुरू झाल्या."

"बरं, मग दार तरी लावू या. आपण आतून बघू."

"कुठलं दार?" भाचा हसला. त्याचंही खरं होतं. नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच होती, मध्ये फक्त ओटा. दार होतं ते पलीकडे झोपायच्या खोलीला. "आत्या, अगं खेळण्यातली गाडी आहे. तू काय खऱ्या स्टेशनवर उभी आहेस का?"

सगळे हसले. तीही हसली, कारण साठीच्या दिवशी भावाच्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार? दादाने फरशीवर रूळ मांडले, पाणी भरलं, आणि एकाच काडीत दिवा पेटवला. त्याचा हात मुळीच थरथरला नाही. भाच्याने मोबाइल पुढे धरला. चिमणी रुळाजवळ पालथी पडली, हनुवटी फरशीवर, नाक इंजिनापासून हातभर.

"चिमणे, मागे सरक," धाकटी म्हणाली.

"मला चाकं बघायचीत."

निळी ज्योत इंजिनाच्या पोटाखाली पसरली. सगळे वाट बघू लागले. दादाने अप्पांसारखा आवाज काढून जिराफाची गोष्ट सुरू केली. जिराफ एका पुलाखालून गेला, दुसऱ्या पुलाखालून गेला, तरी इंजिन जागचं हललं नाही. "तेल जास्त झालं वाटतं, चाकं चिकटलीत. वाफ भरली की सुटेल," दादा म्हणाला.

धाकटी ऐकत होती. गाडीचं नाही, टोपीचं. काही म्हणजे काही आवाज नव्हता. ओरडावं तर आपण भागूबाई. न ओरडावं तर ते पोरगं तिथे पालथं. आपण उगाच भितोय, नेहमीसारखंच भितोय, असं ती स्वतःला समजावत होती, आणि तेवढ्यात तिची नजर आईच्या खुर्चीवर गेली. खुर्ची रिकामी होती.

काठीशिवाय पाऊल न टाकणारी आई काठी न घेताच झोपायच्या खोलीकडे गेली होती. दार अर्धं ओढून ती त्याच्या आड उभी होती. फटीतून तिचा एक डोळा दिसत होता.

"पोरीला घेऊन आत ये," आई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की फक्त धाकटीला ऐकू आला.

मग मात्र तिला राहवलं नाही. तिने चिमणीला काखेत हात घालून उचललं. चिमणीने भोकाड पसरलं, लाथा झाडल्या. "अगं आत्या!" भाचा ओरडला. तिने पोर त्याच्या अंगावर जवळजवळ फेकलं आणि म्हणाली, "आत जा. आईजवळ. आत्ता!" तिचा चेहरा बघून तो गेला. वहिनीही हातातली सुरी तशीच घेऊन त्याच्यामागे गेली.

आता खोलीत दादा आणि ती. तिलाही दाराआड पळायचं होतं. सगळं आयुष्य तिने तेच केलं होतं. पण ज्योत पेटलेली होती, दादा रुळाशी मांडी घालून बसला होता, आणि त्याला उठवणं तिला बापजन्मी जमलं नसतं. ओट्यावर जाड बुडाचं मोठं पातेलं पालथं पडलेलं होतं. ते दोन्ही हातांनी उचलून ती आली आणि इंजिन, दिवा, सगळ्यावर तिने ते उपडं घातलं. डब्यांचा पत्रा चेपल्याचा आवाज झाला.

"अगं वेडी झालीस काय!" दादा ताडकन उठला. साठ वर्षांचा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. "अप्पांचं आहे ते! एक दिवस, एक दिवस तुला धीर धरवत नाही? सगळ्यांच्या देखत..."

"दिवा विझू दे, दादा. मग काय हवं ते बोल. मागे हो."

"मागे हो काय? बाजूला हो तू!" तो पातेल्याकडे वाकला.

"हात लावू नकोस!" दारामागून आई ओरडली. या वेळी सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. दादा लहानपणी जसा थबकायचा तसा थबकला, आणि धाकटीने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं.

आवाज झाला तो आधी ऐकू आला नाही, दातांत जाणवला. पातेलं फरशीवरून उडालं, आदळलं, गरगर फिरून थांबलं. भिंतीवरची चित्रं दोऱ्यांवर हलली. वाफ आणि जळक्या तेलाचा वास पसरला. मग आतले सगळेच दारातून बाहेर डोकावले. पातेल्याच्या जाड बुडाला आतून मुठीएवढा फुगवटा आला होता. इंजिनाचं पितळ केळीच्या सालीसारखं उलटलं होतं. चिमणी जिथे हनुवटी टेकून पडली होती, तिथली फरशी उकळत्या पाण्याने ओली झाली होती.

दादा त्या ओल्या फरशीकडे बघत मटकन खुर्चीत बसला.

आई भिंतीला धरून बाहेर आली. शेवटच्या दोरीवरच्या रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. "हे राहिलं होतं," ती म्हणाली. "तू पोटात होतास, नववा लागला होता. कारखान्यातला बॉयलर फुटला. त्याची टोपी गळत होती, वाफ वाया जाते म्हणून मुकादमाने ती बंद करायला सांगितली. तुझ्या अप्पांनी बंद केली. पक्की. मग ते पाणी प्यायला म्हणून बाहेर आले. आतले दोघं आत राहिले."

दादाने मान वर करून आईकडे पाहिलं.

"मग तुझा जन्म झाला. कामावर तर जायलाच हवं, पोटं होती. पण काडी ओढता येईना त्यांना. हात लटलट कापायचा. म्हणून त्या फुटलेल्या बॉयलरच्या नळीच्या पितळेचं हे एवढंसं इंजिन केलं. वर्षातून एकदा पेटवून बघायचे, हात कापायचा थांबला का. नाही थांबला कधी." आईने पदराने तोंड पुसलं. "तुला त्या वर्षीचं सगळं जग सांगायचे, एवढं सोडून. मलाही म्हणाले होते, पोराच्या वाढदिवसाला हे चिकटवायचं नाही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण तोंड अप्पांचं पोळलं होतं, आणि फुंकत राहिली ती धाकटी. हे तिला आत्ता कळत होतं, आणि कळून काही बरं वाटत नव्हतं. ती ओट्याला धरून उभी होती. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, "भागू..." आणि पुढचं त्याने गिळलं. मग उठून त्याने मुलाच्या कडेवरून चिमणीला घेतलं आणि तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

आईने धाकटीचा हात आपल्या हातात घेतला. तो कापायचा थांबत नव्हता. आईने तो उलटा सुलटा करून पाहिला, जणू ओळखीचा आहे का ते बघत होती.

"असाच कापायचा त्यांचा," आई म्हणाली. "पण काडी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. आणि आम्हाला दाराआड पाठवून स्वतः कधी आड आले नाहीत."

चिमणीने दादाच्या खांद्यावरून विचारलं, "मग जिराफाचं काय झालं?" दादाने सांगायला तोंड उघडलं. पण सुरुवात त्याने जिराफापासून केली नाही. बॉयलरपाशी राहिलेल्या त्या दोघांची नावं काय होती, असं त्याने आईला विचारलं.