बॅटरीबाईची आई बोलत होती

बॅटरीबाईने साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "ऊन नसलं तरी नव्या बॅटऱ्या तीन दिवस टिकतील, लिहून घ्या." साहेबांनी खरंच लिहून घेतलं. पंचाईत झाली ती तिथेच.

टेकडीवरच्या त्या खोलीत दरीतल्या पस्तीस घरांचा आवाज राहत होता म्हणा ना! दरीत फोनला रेंज नाही, म्हणून घरोघरी रेडिओ. खाली कोणी बोललं की वरचं यंत्र ते पकडून सगळ्या घरांना ऐकवणार. यंत्र चालायचं सोलरवर आणि ढग आले की बॅटऱ्यांवर. जुन्या काढून या नव्या बसवायचा हट्ट तिचाच. आणि या महिन्यात दोनदा आभाळ भरलं, दोन्ही वेळा दीड दिवसात सगळं गप्प!

आजही कालपासून उन्हाचा पत्ता नव्हता. साहेब स्वतः धापा टाकत वर आले होते.

"आज तिसऱ्यांदा बंद पडलं तर तुम्ही गोदामात. स्क्रू निवडत बसा."

टेकड्यांवरचं हे काम म्हणजे तिचा जीव की प्राण. शिवाय खाली दरीतल्या घरी आई काय म्हणेल? आईने आजवर एका शब्दाने कौतुक केलं असेल तर शपथ.

तिने एकेक बॅटरी तपासली. ठणठणीत. तारा घट्ट. मग वीज जाते कुठे? इतक्यात तिचं लक्ष यंत्रावरच्या लाल दिव्याकडे गेलं. तो फक्त कोणी बोलत असतानाच लागतो. दहा मिनिटं झाली तरी विझायचं नाव नाही. तिने स्पीकर चालू केला.

आधी भांड्यांचा खणखणाट. मग ओळखीचा आवाज.

"...बूट चिखलाने बरबटलेले, तशीच आत! केसांना फणी नाही..."

"अगं बाई! ही तर आई!"

आई मावशीशी बोलत होती. "थांब हं, बटणावरचा कपड्यांचा चिमटा सरकतोय... हां. आभाळ भरलं की घरातच असते ना, दर वेळी असाच लावते; आताही कालपासून लावलाय बघ, भांडी घासताना हात मोकळे. तू काही बोलत नाहीस ते? बरंय, ऐक मुकाट्याने."

साहेबांनी कपाळावर हात मारला. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, एवढा साधा नियम! "सांगा त्यांना, काढा म्हणावं चिमटा."

"चिमटा आहे तोवर तिला आपलं काही ऐकू जाणार नाही, साहेब."

"आणि काढल्यावर?"

"काढल्यावरही ती कोणाचं ऐकत नाही."

"पण कालपासून कोणी तक्रार कशी केली नाही?"

"मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आणि लोकांना मजा येत असणार."

साहेबांनी मीटर पाहिला, पुन्हा पाहिला. "म्हणजे आधीच्या दोन्ही वेळाही हाच चिमटा! यंत्र कालपासून अखंड बोलतंय, आणि बॅटऱ्या अजून उभ्या आहेत? अहो, मग नेहमीच्या वापराला तीन काय, चार दिवस काढतील!"

गोदाम टळलं. तिला तिथेच नाचावंसं वाटलं. साहेबांनी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात आईचा आवाज उतरला.

"पण खरं सांगू? पोरगी सोनं आहे माझी. धाकट्याचा पाय मोडला तेव्हा मी ओरडून ओरडून घसा बसवला, कोणाला ऐकू गेलं नव्हतं. आज पस्तीस घरं एकमेकांना हाक मारतात ती तिच्या जिवावर. तोंडावर नाही म्हणत मी, डोक्यावर बसेल."

बॅटरीबाईने साहेबांचा हात धरलाच. "थांबा हो, जरा थांबा." ती हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते. सगळ्या दरीने ऐकलं असणार, हे आठवून तर तिला आणखीच हसू आलं.

साहेबांनी यंत्राकडचा हात मागे घेतला. मग म्हणाले, "सलग बोलणाऱ्याला आपोआप तोडायची सोय आहे ना यंत्रात? लावून टाका. तीन मिनिटं पुरेत."

तिने बाहीला डोळे पुसले आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"पाच लावते, साहेब. आईला मुद्द्यावर यायला चार लागतात."